एका खेळयंत्राची वर्गणी

श्रोतेहो, वर्गणी हा शब्द कानी पडला की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पावतीपुस्तक घेऊन दारात उभी राहिलेली गल्लीतली चार मुले येतात. त्या मुलांना आपण ओळखतो, त्यांच्या वडिलांनाही ओळखतो. आणि दिलेल्या पैशांचा मांडव आठ दिवसांत आपल्याच चौकात उभा राहणार आहे हेही आपणांस ठाऊक असते. देणारा आणि घेणारा यांच्यामध्ये फार अंतर नसते, म्हणून तेथे हिशेबाची फारशी चिंता कोणी करीत नाही. परंतु मागणारा जर हजारो मैलांवर असेल, त्याचे तोंडही आपण पाहिलेले नसेल, आणि तो ज्या वस्तूसाठी पैसे मागत आहे ती वस्तू अद्याप जगात अस्तित्वातच नसेल, तर? अशा एका वर्गणीचा इतिहास आज मी आपणांस सांगणार आहे. वस्तू होती मुलांच्या खेळण्याची, स्थळ होते अमेरिका आणि काळ २०१५ व २०१६ या दोन वर्षांचा. ती वस्तू अखेर झालीच नाही. तरीही ती का झाली नाही, आणि ती व्हावी असे इतक्या जाणत्या माणसांना का वाटले, हे दोन्ही प्रश्न मला विचार करण्याजोगे वाटतात.

त्या वस्तूचे नाव घेण्यापूर्वी तिच्या कुळाची थोडी ओळख करून दिली पाहिजे. १९९० नंतरच्या दशकात आपल्या शहरांतून ज्यांचे बालपण गेले, त्यांना दूरदर्शन संचाला जोडायचा ‘व्हिडिओ गेम’ आठवत असेल. जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या यंत्राच्या हुबेहूब नकला त्या काळी आपल्या बाजारात मिळत. त्या यंत्राच्या माथ्यावरील खाचेत एक चपटी प्लास्टिकची डबी बसवली की पडद्यावर खेळ सुरू होई. तिला आपली मुले ‘कॅसेट’ म्हणत. तिचे खरे नाव कार्ट्रिज. खेळ सुरू झाला नाही की मुले ती डबी काढून तिच्या तोंडाशी जोराने फुंकर मारीत आणि पुन्हा बसवीत. हा विधी त्यांना कोणी शिकवला होता, हे सांगता येत नाही. पण तो टोकियोत, शिकागोत आणि आमच्या गल्लीत एकाच श्रद्धेने चाले. वास्तविक फुंकरीतला ओलावा डबीच्या तांब्याच्या पट्ट्यांना बाधतो आणि निन्टेन्डोने तसे न करण्याविषयी बजावलेही होते. डबी चालू होई ती बहुधा काढून पुन्हा बसवल्यामुळे. परंतु श्रद्धेला पुराव्याची गरज नसते, आणि आपल्या आजच्या कथेत ही गोष्ट पुन्हा एकदा भेटणार आहे.

या डबीचा जन्म १९७६ सालचा. त्यापूर्वी, १९७२ मध्ये, मॅग्नाव्हॉक्स कंपनीने ओडिसी नावाचे घरगुती खेळयंत्र विकावयास काढले होते व त्याच्याबरोबर काही पत्तेवजा तुकडे येत. पण त्या तुकड्यांत खेळ नव्हता. यंत्राच्या आतील तारा निरनिराळ्या रीतीने जोडून देणे एवढेच त्यांचे काम. खेळ यंत्रापासून खऱ्या अर्थाने वेगळा झाला तो फेअरचाइल्ड कंपनीच्या ‘चॅनेल एफ’ या यंत्रात. काढता-घालता येणाऱ्या डबीची मूळ कल्पना अल्पेक्स नावाच्या एका छोट्या कंपनीतील दोघा तंत्रज्ञांची, आणि तिला बाजारात टिकेल असे रूप देणाऱ्या फेअरचाइल्डच्या पथकाचा प्रमुख होता जेरी लॉसन हा कृष्णवर्णीय अभियंता. त्या काळी त्या व्यवसायात त्याच्या वर्णाची माणसे बोटांवर मोजण्याइतकी होती. लॉसनपुढे आलेल्या अडचणी आज क्षुल्लक वाटतील. मूल ही डबी दिवसातून दहा वेळा काढणार आणि घालणार. तिच्या आतले नाजूक टोक झिजणार. सतरंजीवरून चालत आलेल्या मुलाच्या बोटांतील विजेने आतली चकती जळून जाऊ शकणार. शिवाय अशा यंत्रांपासून निघणाऱ्या विद्युत्लहरी शेजाऱ्याच्या रेडिओत खरखर करतात, म्हणून अमेरिकन सरकारच्या दळणवळण आयोगाचे कडक निर्बंध होते आणि डबी नवी निघाली की तिचीही तपासणी करून घ्यावी लागे. हे सारे निस्तरून एका पिवळ्या डबीत खेळ बंदिस्त झाला. लॉसन २०११ मध्ये वारला; त्याच्या कर्तृत्वाची जाहीर दखल घेतली गेली ती त्याच्या अखेरच्या दिवसांत.

डबीने केवळ सोय केली नाही, तिने व्यापाराचे स्वरूपच पालटले. यंत्र एकदा विकायचे आणि खेळ मात्र वर्षानुवर्षे विकीत राहायचे, ही युक्ती १९७७ मध्ये आलेल्या अटारी कंपनीच्या यंत्राने पूर्णत्वास नेली. पुढे १९७९ मध्ये अटारीतूनच बाहेर पडलेल्या चौघा जणांनी अ‍ॅक्टिव्हिजन ही कंपनी काढून दुसऱ्याच्या यंत्रासाठी आपण डब्या बनवण्यास प्रारंभ केला, आणि मग ज्याला त्याला हा धंदा करता येईल असे वाटू लागले. जो तो करू लागलाही. दुकाने बऱ्या-वाईट डब्यांनी भरून गेली, ग्राहक विटले, आणि १९८३ मध्ये सारा डोलारा कोसळला. अमेरिकेतील घरगुती खेळांची वार्षिक विक्री सुमारे ३२० कोटी डॉलरांची होती, ती १९८५ पर्यंत १० कोटींवर आली. अटारीने न खपलेल्या डब्या न्यू मेक्सिको राज्यातील अलामोगोर्डो गावाच्या कचराभूमीत पुरून टाकल्या. ही पुष्कळांना दंतकथाच वाटे. परंतु एप्रिल २०१४ मध्ये ती जागा खणण्यात आली आणि सुमारे १,३०० डब्या बाहेर निघाल्या. ज्या वस्तू तीस वर्षांपूर्वी कचऱ्यात गेल्या, त्या आता संग्रहालयांतून मांडल्या गेल्या आणि लिलावात विकल्या गेल्या. हे ध्यानात ठेवा. कारण आपल्या कथानायकाचा उद्योग याच बदललेल्या दृष्टीवर उभा होता.

डबी पुढे निन्टेन्डोने सावरली आणि आणखी दहा वर्षे तिने राज्य केले. तिचा पराभव केला तो लखलखत्या तबकडीने. तबकडीवर डबीच्या कितीतरी पट मजकूर मावे, आणि ती छापण्याचा खर्च डबीच्या मानाने अगदी किरकोळ. १९९६ च्या निन्टेन्डो ६४ या यंत्राच्या मोठ्यातल्या मोठ्या डबीत ६४ मेगाबाइट मावत. तबकडीत ६५० च्या आसपास. बाजाराचा निकाल लागण्यास एवढे अंतर पुरेसे होते. परंतु डबीचे काही गुण तबकडीत उतरले नाहीत. डबीला चरे पडत नाहीत. खेळ सुरू होण्यास थांबावे लागत नाही. आणि मुख्य म्हणजे, डबीतला खेळ पुरा करूनच बाजारात आणावा लागतो. आज खेळ अर्धाकच्चा विकून उरलेला भाग नंतर आंतरजालावरून पाठवण्याची रीत पडली आहे. डबीच्या काळी ती सोय नव्हती. छापले ते छापले. आमच्या जुन्या छापखान्यातील मुद्रितशोधकाला जी भीती आणि जी जबाबदारी असे, तीच त्या खेळकर्त्यांना होती. विक्रेत्याची कंपनी बुडाली तरी डबी चालत राही. म्हणून डबीचे चाहते केवळ आठवणींत रमलेले भाबडे लोक होते असे मला वाटत नाही. वस्तू विकत घेतली म्हणजे ती आपली झाली पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता, आणि तो आग्रह वाजवी आहे.

आता दुसरा धागा, वर्गणीचा. ही कल्पना आंतरजालाने शोधून काढली असे समजणे चूक आहे. अलेक्झांडर पोप या इंग्रज कवीने होमरच्या ‘इलियड’चे भाषांतर करण्याचे १७१३ मध्ये जाहीर केले, तेव्हा भाषांतर व्हावयाचे होते आणि पैसे आधी यावयाचे होते. एका खंडास एक गिनी याप्रमाणे सहा खंडांसाठी ५७५ वर्गणीदार मिळाले आणि त्यांची नावे पहिल्या खंडात छापली गेली. पोपने वचन पाळले. खंड १७१५ ते १७२० या काळात बाहेर पडले, आणि त्या पैशांतून थेम्स नदीकाठी त्याचे टुमदार घरही झाले. न्यूयॉर्कच्या बंदरातील स्वातंत्र्यदेवतेची मूर्ती फ्रान्सहून खोक्यांत भरून आली, परंतु तिच्या चौथऱ्यासाठी पैसा नव्हता. तेव्हा जोसेफ पुलित्झर याने १८८५ मध्ये आपल्या वृत्तपत्रातून आवाहन केले, देणाराचे नाव छापण्याचे वचन दिले, आणि पाच महिन्यांत एक लाख डॉलरांहून अधिक रक्कम उभी केली. बहुतेक देणग्या डॉलरहूनही कमी होत्या. आपल्याकडे याच सुमारास नव्हे, पण फार उशिराही नव्हे, अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत पैसा फंड उभारला, लोकमान्यांनी त्याला बळ दिले, आणि १९०८ मध्ये तळेगावास काचेचा कारखाना निघाला. या तिन्ही उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. पोपचा वर्गणीदार पोपच्या कविता वाचून होता. न्यूयॉर्कच्या माणसाला बंदरातला अर्धवट चौथरा दिसत होता. आणि पैसा फंडाला पैसा देणारा काळ्यांना समोर उभे पाहत होता.

आंतरजालाने या व्यवहाराला वेग दिला. मॅरिलियन या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या अमेरिकेतील चाहत्यांनी १९९७ मध्ये आपसात पैसे गोळा करून त्या मंडळींचा दौरा घडवून आणला. २००८ मध्ये इंडिगोगो आणि २००९ मध्ये किकस्टार्टर या संस्था निघाल्या. वर्गणी मागणाराने येथे आपली योजना मांडायची, लक्ष्य आणि मुदत सांगायची. देणाराने पतपत्राचा आकडा घालून पैसे गुंतवायचे. गुंतवायचे हा शब्द मी सैल अर्थाने वापरला, कारण देणाराला कंपनीत भाग मिळत नाही, आणि वस्तू हाती येईलच अशी दुकानदाराची हमीही मिळत नाही. तो ना भागीदार, ना गिऱ्हाईक. देणगीदार म्हणावे तर त्याला वस्तूची अपेक्षा असते. हे त्रिशंकूपण सुरुवातीला कोणाला जाणवले नाही. २०१२ हे वर्ष तर सुगीचे गेले. एका जुन्या धाटणीच्या खेळासाठी ८७ हजारांहून अधिक लोकांनी ३३ लाख डॉलर दिले. त्याच उन्हाळ्यात ऊया नावाच्या एका छोट्या खेळयंत्राने साडेनऊ लाख मागितले आणि त्याच्या पदरात ८५ लाखांहून अधिक पडले. यंत्र २०१३ मध्ये निघालेही, परंतु बाजारात टिकले नाही. २०१५ मध्ये ते दुसऱ्या कंपनीने घेतले आणि २०१९ मध्ये त्याची सेवा बंद झाली. किकस्टार्टरने मात्र सप्टेंबर २०१२ मध्येच आपले नियम आवळले. आपण दुकान नव्हे असे त्या संस्थेने बजावले, आणि यंत्रासाठी पैसे मागणाराने संगणकावर रंगवलेली चित्रे न दाखवता प्रत्यक्ष चालणारा नमुना दाखवावा असा दंडक घातला.

हे दोन धागे एकत्र आले ते माइक केनेडी या गृहस्थांच्या हाती. जुन्या खेळांच्या लिलावाचे एक संकेतस्थळ ते चालवीत, आणि ‘रेट्रो’ नावाचे एक छापील मासिक त्यांनी किकस्टार्टरवरील वर्गणीतून सुरू केले होते. म्हणजे वर्गणीचा मार्ग त्यांना परिचयाचा होता आणि चाहत्यांच्या मंडळींत त्यांचे नाव होते. अशा माणसाच्या मनात नवे यंत्र काढण्याचा विचार यावा यात नवल नाही. नवल आहे ते त्या विचाराचा आरंभ जेथून झाला त्या जागेचे. तो आरंभ झाला एका साच्यापासून.

श्रोतेहो, प्लास्टिकचे कोणतेही आवरण तयार करावयाचे म्हणजे पोलादाचा साचा लागतो, आणि हा साचा घडवणे हेच अशा उद्योगातील मोठे खर्चाचे काम असते. एकदा साचा झाला की मग आवरणे स्वस्तात निघतात. अटारी कंपनीने १९९३ मध्ये जॅग्वार नावाचे यंत्र काढले होते. डबीवर चालणारे ते तिचे शेवटचे मोठे यंत्र. ते अडीच लाखही खपले नाही आणि १९९६ मध्ये कंपनीचे अस्तित्व दुसऱ्या कंपनीत विरून गेले. परंतु त्या यंत्राचे साचे नष्ट झाले नाहीत. ते कॅलिफोर्नियातील दंतवैद्यकाची उपकरणे बनवणाऱ्या एका कंपनीने विकत घेतले, आणि मग ज्या आवरणात मुलांनी खेळ खेळावेत अशी योजना होती, त्याच आवरणात रुग्णाच्या तोंडातले चित्र घेणारे उपकरण दवाखान्यांत जाऊन बसले. डबीची खाच जेथे होती तेथे झाकण आले, एवढाच फरक. दात दाखवायला गेलेल्या एखाद्या तरुणाने खुर्चीत पडल्यापडल्या ते ओळखले असेल, तर त्याच्या मनात काय आले असेल याची कल्पना करून पाहावी. हे साचे केनेडी यांनी २०१४ च्या अखेरीस विकत घेतले. त्यांच्या हाती यंत्राचे कलेवर आले. आता प्रश्न होता आतल्या प्राणाचा.

यंत्राला नाव मिळाले ‘रेट्रो व्हीजीएस’. २०१५ च्या वसंतात त्याची वार्ता पसरली, आणि तिचे स्वागतही झाले. या यंत्राला आंतरजाल नसणार, त्याच्या खेळांत मागाहून दुरुस्त्या नसणार, डबी घाला आणि खेळा, एवढाच त्याचा मंत्र. आत काय घालायचे याविषयी मात्र मंडळींचे मत बदलत राहिले. एक पर्याय होता तो ‘एफपीजीए’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चकतीचा. तिचे वैशिष्ट्य असे की तिची अंतर्गत रचना कारखान्यात कायमची ठरत नाही. ती सांगाल तशी बदलते. तिला जुन्या अटारीचा आराखडा द्या, ती अटारी होते. निन्टेन्डोचा द्या, ती निन्टेन्डो होते. बहुरूप्याचे सोंग नव्हे हे, जवळजवळ परकायाप्रवेशच. परंतु आराखडा तयार करणे हे सोपे काम नाही. जुन्या चकतीचे प्रत्येक स्पंदन मोजून ते नव्या चकतीत उतरवावे लागते, आणि हे करू शकणारी माणसे जगात थोडी आहेत. त्यांपैकी एक, केव्हिन हॉर्टन, यांच्याशी आरंभी या मंडळींचे बोलणे झाले होते. ते जमले नाही. पुढे आखणीत चकत्यांची भर पडत गेली, वैशिष्ट्ये वाढत गेली, आणि त्यांबरोबर किंमतही. साचा आयता मिळाला म्हणून स्वस्त होणारे यंत्र वर्गणीच्या पाटीवर चढले तेव्हा त्याची किंमत तीनशे डॉलरांच्या घरात गेली होती. त्याच सुमारास सोनीचे नवेकोरे यंत्र साडेतीनशे डॉलरांत मिळत होते.

चालता नमुना या मंडळींपाशी नव्हता. म्हणून किकस्टार्टरचे दार बंद झाले, आणि सप्टेंबर २०१५ मध्ये ते इंडिगोगोच्या दारी गेले. मागणी होती १९ लाख ५० हजार डॉलरांची. येथे पहिल्यांदा श्रद्धेला पुराव्याने प्रश्न विचारला. जुन्या यंत्रांचे हे चाहते म्हणजे कोणी साधेसुधे ग्राहक नव्हेत. त्यांतील अनेकांनी स्वतःच्या हाताने जुनी यंत्रे उघडून, जोडून, दुरुस्त करून पाहिलेली. कित्येक जण व्यवसायाने अभियंते. ते विचारू लागले, आतली चकती कोणती? खेळ कोण लिहिणार? नमुना कोठे आहे? उत्तरे समाधानकारक आली नाहीत. साठ-एक हजार डॉलर जमले आणि मोहीम मुदतीपूर्वीच आवरती घ्यावी लागली. मागितलेल्या रकमेच्या हे साडेतीन टक्केही नव्हेत. माझ्या मते इतक्यावर हा प्रकार संपता, तर तो एक प्रामाणिक अपयशाचा नमुना म्हणून विसरला गेला असता. माणसाने मोठे स्वप्न पाहिले, हिशेब चुकला, लोकांनी नाही म्हटले. यात लाज वाटावी असे काही नाही.

परंतु डिसेंबर २०१५ मध्ये हेच यंत्र नव्या नावाने पुढे आले. नाव होते ‘कोलेको कमीलियन’. कमीलियन म्हणजे सरडा. आपल्या भाषेतल्या सरड्याची धाव कोठवर असते हे अमेरिकन मंडळींस ठाऊक असण्याचे कारण नव्हते. कोलेको हे नाव मात्र जाणून निवडलेले होते. १९३२ मध्ये मॉरिस ग्रीनबर्ग यांनी कनेटिकट राज्यात चांभारांना कातडे पुरवणारी एक पेढी काढली. ‘कनेटिकट लेदर कंपनी’ या तीन शब्दांची आद्याक्षरे जुळवून कोलेको हे नाव झाले. कातड्याच्या तुकड्यांतून मुलांच्या हस्तकलेच्या पेट्या, त्यातून खेळणी, आणि खेळण्यांतून १९८२ चे कोलेकोव्हिजन हे गाजलेले खेळयंत्र, असा त्या पेढीचा प्रवास. १९८३ मध्ये तिच्या बाहुल्यांसाठी अमेरिकेतील दुकानांत आयांची मारामारी होण्याची पाळी आली; त्याच वर्षी काढलेल्या तिच्या संगणकाने मात्र तिला खड्ड्यात घातले. १९८८ मध्ये दिवाळे निघाले. नाव तेवढे उरले. जुनी लोकप्रिय नावे विकत घेऊन त्यांवर व्यापार करणाऱ्या एका संस्थेने ते २००५ मध्ये पुन्हा बाजारात आणले. तेव्हा नव्या यंत्राकडे आता आवरण होते अटारीचे आणि नाव होते कोलेकोचे. स्वतःचे असे त्याच्यापाशी काय होते, हा प्रश्न लोकांनी पुन्हा विचारला.

उत्तर फेब्रुवारी २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या जत्रेत मिळणार होते. तेथे यंत्र मांडले होते आणि त्यावर खेळ चालूही होता. बघ्यांनी छायाचित्रे घेतली, आणि ती छायाचित्रे घरी बसलेल्या जाणकारांनी भिंग लावून पाहावी तशी पाहिली. पाठीमागे तारा जोडण्याच्या जागा ज्या ठिकाणी होत्या, त्या १९९७ साली निघालेल्या निन्टेन्डोच्या एका छोट्या यंत्राशी नेमक्या जुळत होत्या. तेव्हा अटारीच्या आवरणात निन्टेन्डोचे जुने यंत्र बसवून ते कोलेकोच्या नावाने दाखवले जात आहे, असा तर्क निघाला. २६ फेब्रुवारीस किकस्टार्टरवर व्हावयाचा आरंभ लांबणीवर पडला. मग संशय फिटावा म्हणून की काय, पारदर्शक आवरणातील नमुन्याचे एक छायाचित्र प्रसिद्ध करण्यात आले. आतली चकतींची पाटी आता सर्वांना दिसत होती. काही तासांतच कोणीतरी ती ओळखली. ती खेळयंत्राची पाटीच नव्हती. संगणकावर दूरदर्शनची चित्रे टिपून घेण्यासाठी जुन्या काळी बाजारात मिळणारी ती एक साधी पाटी होती, आणि दुकानातील तिचे चित्र कोणीतरी शेजारी ठेवून दाखवले. छायाचित्र काढून टाकण्यात आले. पण तोवर ते हजारोंनी पाहिले होते.

आता नावाच्या मालकांनाही स्वस्थ बसवेना. नमुने आमच्या अभियंत्यांकडे तपासणीस द्या, असे कोलेकोने मुदत घालून सांगितले. ८ मार्च २०१६ रोजी कोलेकोने जाहीर केले की, दाखवण्यास पुरेसे काम झालेले नाही असे यंत्रकर्त्यांचेच म्हणणे असल्याने ही योजना समाप्त करण्यात येत आहे. फारकत सलोख्याने झाली, अशीही पुस्ती तिला जोडली होती. किकस्टार्टरवर एक डॉलरही गोळा झाला नाही.

येथे मला थोडे थांबावेसे वाटते. या प्रकरणाची चर्चा पुढे बहुधा थट्टेच्या सुरात झाली, आणि थट्टेला जागा आहे हे मी नाकारीत नाही. परंतु कोणाच्या मनात पहिल्यापासून काय होते, याचा निवाडा छायाचित्रांवरून करता येत नाही, आणि तो करण्याची मला इच्छाही नाही. मला महत्त्वाचे वाटते ते निराळेच. या यंत्राची पोल सरकारने उघड केली नाही, न्यायालयाने केली नाही, वृत्तपत्रांनीही ती मागाहून छापली. ती उघड केली ज्यांच्यासाठी हे यंत्र व्हावयाचे होते त्यांनीच. हे लोक डबीचे शत्रू नव्हते; उलट डबीवर त्यांचे इतके प्रेम होते की एखाद्या पाटीवरील चकत्यांची रांग पाहून ती कोणत्या यंत्राची हे ते सांगू शकत. ज्या जिव्हाळ्याच्या बळावर वर्गणी मागायची, त्याच जिव्हाळ्यातून आलेले ज्ञान वर्गणी मागणाराच्या आड येईल, हा हिशेब यंत्रकर्त्यांनी केलेला दिसत नाही. पोपच्या वर्गणीदारांत ग्रीक जाणणारे काही थोडेच होते. येथे मात्र जवळपास प्रत्येकाला ग्रीक येत होते.

आणि ज्यांना ते उत्तम येत होते, त्यांनी ते उपयोगातही आणले. केव्हिन हॉर्टन यांनी अ‍ॅनालॉग नावाच्या एका छोट्या कंपनीसाठी याच एफपीजीए चकतीवर जुन्या निन्टेन्डोचा आराखडा उतरवला आणि ते यंत्र २०१७ च्या आरंभी ग्राहकांच्या हाती पडू लागले. पुढच्या वर्षी त्यांचे ‘सुपर एनटी’ आले. त्याची किंमत १९० डॉलरांच्या आत होती आणि त्यात मूळच्या डब्या जशाच्या तशा चालत. त्यासाठी त्यांनी पावतीपुस्तक काढले नाही. मालाची आगाऊ मागणी घेतली आणि माल पाठवला. २०२० मध्ये ब्रिटनमधील ब्लेझ या कंपनीने ‘एव्हरकेड’ हे हातात धरून खेळण्याचे यंत्र काढले आणि त्याच्यासाठी नव्या डब्या छापण्यास प्रारंभ केला. प्रत्येक डबीबरोबर रंगीत माहितीपुस्तिका, पूर्वीसारखी. २०२३ मध्ये अटारी या नावाच्या सध्याच्या मालकांनीही १९७७ च्या यंत्राची नवी आवृत्ती काढली, आणि तिच्या खाचेत जुन्या डब्या बसतात. अलामोगोर्डोच्या कचऱ्यातून वर आलेली एखादी डबी, तिच्या पट्ट्या नीट पुसून घेतल्या आणि दैवाने आतली चकती शाबूत असली, तर या यंत्रावर आजही चालू शकेल. पुसण्यासाठी कापसावर थोडे स्पिरिट घ्यावे. फुंकर मारू नये.